नोट अस्सल, सही बनावट

दक्षिण अमेरिकेच्या जुन्या नोटा जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मला ज्या युक्तीने लुबाडलं, तिच्यात नोट नकली नव्हतीच. म्हणून तर ती पकडणं अवघड.

अर्जेंटिनातल्या एंत्रे रिओस प्रांतात ग्वालेग्वायचू इथे ओक्सांदाबुरू इ गार्बिनो ही खासगी बँक होती. तिच्या १८६९ च्या नोटा न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने छापल्या. नोटेवर रक्कम बोलिव्हियन पेसोत असल्यामुळे नवखे लोक ती अल्बममध्ये सरळ बोलिव्हियाच्या पानात लावतात. खरं कारण असं की, त्या काळी अर्जेंटिनाच्या आतल्या प्रांतांत बोलिव्हियाची चांदीची नाणी सर्रास चालत आणि हिशेबही त्यांतच होई.

यातल्या पुष्कळ नोटांवर सह्या झाल्याच नाहीत. व्यापारी त्यांना रिमेंडर म्हणतात आणि त्या आजही स्वस्तात मिळतात. सही होऊन बाजारात फिरलेल्या नोटेला मात्र चढा भाव सांगतात. ब्यूनस आयर्समधल्या एका व्यापाऱ्याने मला अशीच 'चाललेली' नोट विकली: तपकिरी शाईतल्या सह्या, मधोमध घडी, मळलेले कोपरे. छपाईची उठावदार रेघ बोटाला लागत होती, कागद जुना होता. नोट पारखायच्या नेहमीच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरली, कारण ती अस्सलच होती.

घात सहीत होता. भिंगाखाली पाहिलं तर सहीची रेघ घडीपाशी येऊन फुटली होती आणि शाई घडीच्या चिरेत दोन्हीकडे झिरपली होती. सहीनंतर घडी पडली असती तर तिथली शाई उलट झिजली असती. म्हणजे कागद आधी मोडला, मळवला आणि मग त्यावर सह्या ठोकल्या. त्या काळची लोहयुक्त शाई अतिनील दिव्याखाली काळी दिसते. ही जवळजवळ गायब झाली.

व्यापाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर एवढंच, "नोट खरी आहे, कुणालाही दाखवा." पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण जास्त राग येतो तो दीडशे वर्षं कोरा टिकलेला कागद या माणसांनी नासवला याचा. ती नोट आता धड रिमेंडरही राहिली नाही.

शिक्क्याच्या नोटांतही हा खेळ करता येतो. चिलीने १९६० च्या सुमारास एस्कुदो या नव्या चलनासाठी, ब्राझीलने १९६७ मध्ये नव्या क्रुझेइरोसाठी आणि उरुग्वेने १९७५ मध्ये नव्या पेसोसाठी जुन्याच नोटांवर नवी किंमत छापली. तिन्हीकडे जुन्या हजाराचा नवा एक झाला. जिथे शिक्क्यामुळे भाव वाढतो, तिथे शिक्का मागाहून मारलेला असू शकतो. घरगुती रंगीत प्रिंटरचा असेल तर भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात. अस्सल शिक्क्याची शाई एकरंगी, सलग असते.

पैसे देण्याआधी सही जिथे घडीवरून जाते त्या जागेचा जवळून आणि तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. अतिनील दिव्याखालचाही मागा. 'सह्या मूळच्या, मागाहून भरलेल्या नाहीत' असं बिलावर लिहून घ्या. जो हे लिहून द्यायला कां-कू करतो, त्याच्याकडून मी आता फक्त बिनसहीची नोट घेतो, तीही रिमेंडरच्याच भावाने.