शुगर असलेल्या आईसाठी हाय प्रोटीन आइस्क्रीम, दीड महिना खाऊन झाल्यावर

आमच्या आईला शुगर आहे आणि आइस्क्रीम म्हणजे तिचा जीव की प्राण. परळच्या आमच्या घरात मे महिन्यात रात्री जेवणं झाली की ती फ्रीजकडे बघते आणि काही न बोलता ताटं उचलायला लागते, ते मला बघवत नाही, म्हणून मी ही हाय प्रोटीन, नो ॲडेड शुगर वाली आइस्क्रीमं आणायला लागले. चार कंपन्यांची खाऊन झाली. सगळ्यात जास्त आणलं ते चॉकलेट, १२५ मिलीचा कप, दीडशे रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

आधी चव. फ्रीजरमधून काढल्या काढल्या चमचा घालू नका, वाकेल. आइस्क्रीम मऊ राहतं ते साखर आणि फॅटमुळे, ते कमी केलं की दगड होणारच. दहा मिनिटं बाहेर ठेवायचं (मुंबईच्या मेमध्ये सात पुरेत), मग कडेने सुटायला लागतं आणि मधलं चक्क्यासारखं घट्ट लागतं, तेव्हा खरंच छान आहे, कोको चांगला कडवट आहे. शेवटी जिभेवर थोडं पिठूळ राहतं, ते दुधाच्या प्रोटीन पावडरीचं. एकदा झटपट डिलिव्हरीवाल्या ॲपवरून मागवलं तर वर बर्फाचे खडे, म्हणजे मधे कुठेतरी वितळून परत गोठलेलं. तेव्हापासून दुकानातूनच आणते.

आता कपावर काय लिहिलंय ते. पुढे ठळक अक्षरात १२ ग्रॅम प्रोटीन. मागे बारीक अक्षरात कळतं की हे १०० ग्रॅममागे आहे, आणि कपातला माल ७५ ग्रॅम. मिली आणि ग्रॅम एक नव्हेत, आइस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते. म्हणजे अख्खा कप संपवला तरी ९ ग्रॅम, साधारण दीड अंडं. वाईट अजिबात नाही, ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतं त्यातले ९ आले, पण मग ९च लिहा ना पुढे! कॅलरी कपाला १०० च्या जवळपास, साध्या आइस्क्रीमच्या तेवढ्याच वजनाला दीडशेच्या पुढे जातात. फॅट ३ टक्के म्हणून नावाखाली ‘मिडियम फॅट आइस्क्रीम’ असं लिहिलंय, कारण नुसतं आइस्क्रीम म्हणायचं तर आपल्याकडच्या नियमाने दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं. हे त्यांनी बरोबर केलंय. चारातल्या एकावर तर ‘फ्रोझन डेझर्ट’ होतं, म्हणजे वनस्पती तेल, ते मी परत आणलं नाही.

खरा मुद्दा माल्टिटॉलचा, म्हणजे साखरेऐवजी गोडीला घालतात त्या पदार्थाचा आहे आणि त्यासाठीच हे लिहायला बसले. नो ॲडेड शुगर हे खोटं नाही, साखर घातलेलीच नाही, पण गोडी माल्टिटॉलची आहे, कपाला साडेसात ग्रॅम. साखरेच्या जवळजवळ निम्म्या कॅलरी त्यात असतात आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते, फक्त कमी आणि हळू. शिवाय ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस धरतो, त्यात इन्युलिन म्हणजे चिकोरीच्या मुळातलं फायबर, तेही तिथेच जाऊन तेच करतं. एका रविवारी आईने खुशीत दोन कप खाल्ले. रात्रभर पोटात गुडगुड आणि पहाटे तीनदा उठली. तिला वाटलं दुपारचा बांगडा शिळा होता, सकाळी कोळीणबाईंना बोलायला निघाली होती. मी कचऱ्यातून कप काढून वाचला तेव्हा दिसलं, तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात, पॉलिओलमुळे (माल्टिटॉल त्यातलंच) जुलाब होऊ शकतात. मला फार वाईट वाटलं, कारण ‘आई, हे तू बिनधास्त खा’ असं मीच म्हणाले होते. नंतर एक कप खाल्ल्यावर दीड तासाने ग्लुकोमीटर लावला तर ११८ ची १४९ झाली होती.

आता एरिथ्रिटॉल वालं आणते, तेही साखरेऐवजी गोडीला घालतात. एरिथ्रिटॉल बहुतेक सगळं लघवीवाटे निघून जातं, कॅलरी नावापुरत्या, पोटाला आईला काही झालं नाही, तोंडात पेपरमिंटसारखं गार लागतं ते तिला आवडतं. मात्र २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त दिसले होते. ते एरिथ्रिटॉलमुळेच झाले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण आईला बीपीपण आहे, म्हणून रोज नाही, बुधवार आणि रविवार, आणि एक कप दोघींत. झाकणाला चिकटलेलं तिचं.

पहिल्या चॉकलेटला पाचात तीन. पुढच्या बाजूला ९ ग्रॅम लिहा, जुलाबाची ओळ वाचता येईल एवढी मोठी करा, मी चार देते.