घड देऊन कंद घेतले : पहाटेच्या बेसबॉल वर्गणीचे तीन हंगाम

रावेर तालुक्यात केळीला पाणी देणाऱ्या माणसाला पहाटे साडेचारची वेळ नवी नाही. आठवड्याआड रात्रीच्या विजेची पाळी येते, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलावे लागतात आणि एक व्हॉल्व्ह उघडल्यापासून दुसरा उघडेपर्यंतचा वेळ मोटारीच्या खोलीत बसून काढावा लागतो. नेमक्या याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि तेथील नॅशनल्स संघाचा घरच्या मैदानावरील सामना सुरू होत असतो. हा योग जुळला नसता, तर अमेरिकेतील बेसबॉल दाखवणाऱ्या परदेशी सेवेची वार्षिक वर्गणी मी एकदाही भरली नसती. प्रत्यक्षात 2023, 2024 आणि 2025 असे तीन हंगाम भरली.

वर्गणी घेण्यामागे एक घरगुती वाद होता आणि या परीक्षणातील माझ्या कसोट्या त्या वादातूनच आल्या आहेत, म्हणून तो आधी सांगणे भाग आहे. माझा भाचा जळगावला शाळेत असल्यापासून सॉफ्टबॉल खेळतो. त्याच्यामुळे आमच्या घरात बेसबॉल आला आणि बेसबॉलच्या मागोमाग नॅशनल्सचा तरुण फलंदाज हुआन सोटो आला. 2019 मध्ये नॅशनल्सने ह्यूस्टन ॲस्ट्रोजला सातव्या सामन्यापर्यंत झुंजून हरवले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा सोटोला एकविसावे वर्ष त्या सिरीजच्या दरम्यानच पूर्ण झाले होते. पुढच्याच वर्षी .351 च्या सरासरीने तो आपल्या लीगमधील फलंदाजीचा मानकरी ठरला. 2022 च्या जुलैमध्ये पंधरा वर्षांसाठी 44 कोटी डॉलरचा प्रस्ताव त्याने नाकारल्याचे वृत्त आले, आणि 2 ऑगस्टला वॉशिंग्टनने त्याला जॉश बेलसह सॅन डिएगो पॅड्रेसच्या हवाली केले. बदल्यात सहा जण मिळाले : शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक) सी. जे. एब्रम्स, डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) मॅकेन्झी गोर, आउटफिल्डर (मैदानाच्या कडेचे क्षेत्ररक्षक) रॉबर्ट हॅसल आणि जेम्स वुड, अवघ्या अठरा वर्षांचा पिचर हार्लिन सुसाना आणि अनुभवी ल्यूक व्हॉइट. व्हॉइट त्या हंगामानंतर संघात राहिला नाही. त्यामुळे खरा हिशेब उरलेल्या पाच जणांचा आहे, आणि हा सौदा बरा की वाईट हाच आमचा वाद.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला हा व्यवहार विचित्र वाटेल. आयपीएलमध्ये 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, तो पैशांच्या मोबदल्यात. बेसबॉलच्या बाजारात मात्र दुय्यम संघांत घडत असलेली होतकरू मुले हेच चलन चालते, कारण मुख्य लीगमधील सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू आपल्या संघाशी बांधलेला असतो आणि त्यांपैकी सुरुवातीची वर्षे तो अगदी कमी पगारावर खेळतो. सोटोचा हा काळ 2024 अखेर संपणार होता. म्हणजे वॉशिंग्टनच्या हाती त्याचे अडीच हंगाम उरले होते, आणि त्या अडीच हंगामांच्या बदल्यात पाच जणांची मिळून वीस-पंचवीस वर्षे त्यांनी घेतली. आमच्या भाषेत सांगायचे तर, कापणीला आलेला घड शेजाऱ्याला देऊन त्याच्या बागेतील कंद उचलून आणले. ऊतिसंवर्धित रोपे येण्यापूर्वी आमच्याकडे लागवड कंदांचीच असे. तलवारीसारख्या निमुळत्या पानांचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्ले, हेरून कंद निवडले जात, आणि कंद कितीही पारखून आणला, तरी तो कसा निघाला हे बाग निसवल्याशिवाय, म्हणजे घड बाहेर पडल्याशिवाय, कोणालाही सांगता येत नसे.

माझ्या मते या सेवेची पहिली कसोटी हीच आहे. सोटोचे होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, पाहण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नसते. ते दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत फुकट मिळतात. कंद जमिनीखाली असतानाची अवस्था मात्र कोणी फुकट दाखवत नाही. या वर्गणीत मुख्य लीगच्या सामन्यांबरोबर दुय्यम संघांचेही सामने मिळतात, आणि त्यामुळे 2023 मध्ये विल्मिंग्टन व हॅरिसबर्ग या लहान गावांतील नॅशनल्सच्याच दुय्यम संघांतून आणि 2024 च्या पूर्वार्धात रॉचेस्टरकडून खेळणारा, साडेसहा फुटांहून उंच असा जेम्स वुड मला पायरीपायरीने वर येताना पाहता आला. तेथील चित्रण साधे असते, कधी एकाच कोनातून असते, समालोचक एकटाच बोलत असतो आणि प्रेक्षक मोजकेच असतात. तरीही 1 जुलै 2024 रोजी वुड वॉशिंग्टनच्या मैदानात पहिल्यांदा उतरला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. वर्गणीचे निम्मे पैसे मला तेथेच वसूल झाले.

सेवेच्या इतर सोयी थोडक्यात सांगतो. नियमित हंगामात एकूण 2,430 सामने होतात, त्यामुळे निवडीची अडचण पडत नाही. यजमान संघाचे समालोचन ऐकायचे की पाहुण्यांचे, हे आपण ठरवू शकतो. जुने सामने पुन्हा पाहता येतात. संपूर्ण सामन्याची छोटी आवृत्ती मिळते. आणि धावफलक झाकून ठेवण्याची सोयही आहे. यजमान-पाहुण्यांच्या निवडीची सोय मला आधी निरुपयोगी वाटली होती, पण एकाच सौद्याबद्दल दोन शहरांचे समालोचक किती वेगळ्या सुरात बोलतात हे ऐकल्यावर ती मी आवर्जून वापरू लागलो. 2023 पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले गेल्यामुळे सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो, आणि पाण्याच्या दोन पाळ्यांत तो बरोबर बसतो.

तीन हंगामांतील एक रात्र विशेष लक्षात राहिली. 25 जुलै 2024 रोजी वॉशिंग्टनमध्ये पॅड्रेसविरुद्ध दुपारचा सामना होता, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा. सुरुवातीलाच पावसाने खेळ थांबवला होता. त्यानंतर पॅड्रेसच्या पिचर डिलन सीझने सामन्याच्या सगळ्या नऊ इनिंगमध्ये नॅशनल्सला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारू दिली नाही. पॅड्रेसच्या इतिहासातील हा दुसराच नो-हिटर होता. आता हा सीझ तेथे कसा आला, ते पाहावे. 2023 मध्ये पॅड्रेस 82 विजय आणि 80 पराभवांवर अडकले आणि त्या डिसेंबरात त्यांनीही सोटोला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवून मायकेल किंग, ड्रू थॉर्प आणि आणखी काही जण घेतले. पुढे मार्चमध्ये त्याच थॉर्पला इतर काही तरुणांसह शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन त्यांनी सीझ मिळवला. म्हणजे वॉशिंग्टनने विकलेल्या घडाच्या पैशातून शेजाऱ्याने जे घेतले, तेच त्या रात्री वॉशिंग्टनच्या अंगणात येऊन त्यांच्यावर उलटले. मी पॅड्रेसच्या बाजूचे समालोचन लावले होते, ते शेवटच्या दोन इनिंगमध्ये बंद केले.

दुसरा प्रसंग 2025 च्या पहिल्याच दिवसाचा. फिलाडेल्फियाविरुद्ध गोरने सहा इनिंग टाकल्या, तेरा स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेरा वेळा फलंदाज चेंडू न मारताच बाद झाला, एकच हिट दिली आणि वाईट चेंडू टाकून एकालाही फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले नाही. इतके होऊनही नॅशनल्स तो सामना दहाव्या इनिंगमध्ये 7-3 असा हरले. गोर मैदानातून गेल्यावर पुढचे पिचर तो सामना राखू शकले नाहीत. हा एक सामना पाहिल्यावर या सौद्याबद्दलचे माझे मत जवळजवळ पक्के झाले, आणि ते धावफलक वाचून झाले नसते.

वादाची खरी बैठक मात्र दर हिवाळ्यात भरताच्या पार्टीला बसते. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना भाचा सोटोची बाजू मांडतो. त्याचे म्हणणे सरळ आहे : तेविसाव्या वर्षी इतकी पारखी नजर आणि इतका जोर असलेला फलंदाज पिढीत एखादाच मिळतो, आणि पाच चांगले खेळाडू एकत्र केले म्हणून त्यांचा एक सोटो होत नाही. पुढे तो आकडे सांगतो. 2024 मध्ये सोटोने 41 होमरन मारले आणि यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सने त्याच्याशी पंधरा वर्षांचा 76.5 कोटी डॉलरचा करार केला. 2025 मध्ये त्याने 43 होमरन मारले आणि वर 38 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. "मामा, तुम्ही पहाटे उठून काय पाहून राहिले? हरणारा संघ!" असे तो मला भर पार्टीत म्हणाला आणि सगळे हसले. मला उत्तर देता आले नाही, कारण नॅशनल्सने 2022 मध्ये 107, त्यानंतरच्या दोन्ही वर्षी 91 आणि 2025 मध्ये 96 सामने गमावले होते.

त्याचे जुने क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो, ते नॅशनल्सच्या बाजूने बोलले. त्यांनी स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण दिले. 2019 च्या विजयानंतर त्याच संघाने या पिचरला सात वर्षांसाठी 24.5 कोटी डॉलर देऊन राखले, आणि दुखापतींमुळे तो त्यानंतर केवळ आठ सामने खेळू शकला. घड झाडावर ठेवला म्हणजे तो आपलाच राहील असे नसते, वादळ एका रात्रीत बाग आडवी करते. हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सरांनी आणखी एक जुनी गोष्ट काढली. हाच संघ पूर्वी माँट्रियल एक्स्पोज होता आणि 2005 मध्ये वॉशिंग्टनला आला. 2002 मध्ये त्या एक्स्पोजने बार्तोलो कोलोन या पिचरसाठी क्लीव्हलँडला क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स असे तीन होतकरू देऊन टाकले. तिघेही पुढे मोठे झाले, आणि लीने 2008 मध्ये पिचरसाठीचा सर्वोच्च साय यंग पुरस्कार मिळवला. ज्या घराने एकदा कंद देऊन घड घेण्याची किंमत मोजली, त्याने वीस वर्षांनी उलटा सौदा केला, यात सरांना न्याय दिसतो. मला त्यात न्यायापेक्षा बदललेली गरज दिसते, पण सरांसमोर मी हे बोललो नाही.

माझे स्वतःचे मत या दोघांपेक्षा वेगळे आहे. सौदा म्हणून पाहिले, तर वॉशिंग्टनने निवड उत्तम केली. एब्रम्स 2024 मध्ये ऑल-स्टार झाला (म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला), गोर आणि वुड 2025 मध्ये झाले. पाच कंदांपैकी तीन असे निसवले, तर आमच्याकडे त्या शेतकऱ्याकडे लोक कंद मागायला येतील. वुडने 2025 मध्ये 31 होमरन मारले, आणि जूनमध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला घाबरून चार वेळा जाणूनबुजून पहिला बेस देऊन टाकला. 2004 मध्ये बॅरी बाँड्सच्या वाट्याला हे आले होते, त्यानंतर कोणाच्याही आले नव्हते. त्याच वेळी तो 221 वेळा स्ट्राइकआउटही झाला, एका हंगामाच्या विक्रमाला केवळ दोन कमी. म्हणजे या कंदाला अजून करपा आहे. हॅसल 2025 मध्ये मुख्य संघात पोहोचला खरा, पण त्या हंगामात स्थिरावला नाही, आणि सुसाना 2025 अखेरपर्यंत खालच्याच पायरीवर होता. बिघाड पुढच्या कामात झाला. कंद लावल्यावर खत-पाणी, आधाराच्या काठ्या, बाजूची मजबूत झाडे, यांपैकी काहीच नीट उभे राहिले नाही. गोरच्या तेरा स्ट्राइकआउटनंतर सामना राखणारा पिचर नव्हता आणि वुडच्या मागे असा फलंदाज नव्हता, की ज्याच्या धाकाने पिचर वुडला मारण्याजोगे चेंडू टाकतील. 2025 च्या जुलैमध्ये संघाने सरव्यवस्थापक माइक रिझो आणि प्रशिक्षक डेव्ह मार्टिनेझ या दोघांनाही एकाच दिवशी काढले. सौदा करणाराही रिझोच होता आणि पुढची बाग न राखणाराही तोच, त्यामुळे त्याच्याबद्दल एका शब्दात निकाल देण्याचा आग्रह मी धरत नाही. पॅड्रेसनेही काही कमावले नाही असे म्हणता येत नाही. सोटो आल्यावर त्यांनी 2022 मध्ये 111 सामने जिंकलेल्या डॉजर्सना बाहेर काढले. पण पुढची पायरी त्यांना चढता आली नाही.

आता सेवेतील उणिवा. वर्गणी परकीय चलनात जाते, आणि माझ्या बँकेचे कार्ड पहिल्या वर्षी तीनदा नाकारले गेले. शेवटी भाच्याच्या कार्डावरून पैसे भरावे लागले. शेतातील इंटरनेट ज्या कंपनीचे आहे तिचा वेग पावसाळ्यात इतका घसरतो, की चेंडू पिचरच्या हातातून सुटतो आणि कॅचरकडे पोहोचण्यापूर्वी चित्र थिजते. अशा दिवसांत केवळ आवाजी समालोचनावर भागवावे लागते, आणि ते या सेवेत चांगले आहे. समालोचन इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्येच मिळते, त्यामुळे माझ्या पिढीच्या शेतकऱ्याला पहिला हंगाम जड जातो. नवख्या माणसासाठी नियम समजावणारे काहीही त्यात नाही; मला ते भाच्याने शिकवले. शिवाय वर्गणी आपोआप नव्याने कापली जाते, हे ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्याने ती सोय आधीच बंद करून ठेवावी.

ज्यांना फक्त मोठे सामने आणि मोठे फटके पाहायचे आहेत, त्यांनी वार्षिक वर्गणी घेऊ नये; बाद फेरीचा ऑक्टोबर महिना त्यांना पुरेल. एखाद्या संघाची अनेक वर्षांची उभारणी मुळापासून पाहण्याची ज्याला हौस आहे आणि जो पहाटे तसाही जागा असतो, त्याला ही सेवा मी पाचपैकी चार तारे देऊन सुचवतो. पाचवा तारा भाषेसाठी राखून ठेवला आहे.

पुढील हंगामाची वर्गणी भरताना भाच्याने या वेळी निम्मे पैसे दिले, पण एक अट घातली. मेट्सचे घरचे सामनेही आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या आसपासच सुरू होतात, त्यामुळे तो गावी असेल त्या दिवशी पडदा सोटोचा, आणि माझी रात्रीच्या विजेची पाळी असेल त्या दिवशी वुडचा. दोन्ही गोष्टी एकाच पहाटे आल्या तर काय करायचे, यावर अजून बोलणी चालू आहेत.