बर्फातल्या ठशावर लाल मेण

स्नो प्रिंट वॅक्स म्हणजे मेणाचा एरोसोल डबा. वर दाबलं की लाल मेणाचा तुषार उडतो आणि बर्फात उमटलेल्या बुटाच्या किंवा टायरच्या ठशावर पातळ साय धरतो. खुनाच्या तपासात या सायीचं मोल फार मोठं आहे. पण ती नेमकी कशासाठी आहे हे न कळता वापरली, तर हाती लागलेला ठसा आपल्याच हातानं पुसला जातो.

हा डबा कुठे लागतो ते आधी पाहू. अलास्काच्या उत्तर टोकाला उत्किआग्विक आहे. २०१६ पर्यंत त्याचं अधिकृत नाव बॅरो होतं. वस्ती पाच हजारांच्या आत, बाहेरून येणारा रस्ता नाही, ये-जा विमानानं. १८ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा दिसतो. राज्याची गुन्हे प्रयोगशाळा आणि शवविच्छेदनाचं कार्यालय दोन्ही अँकरेजला, म्हणजे हजारभर किलोमीटर दक्षिणेला. अशा गावात मृतदेहाजवळ पावलं सापडली, तर तिथल्या अधिकाऱ्याला प्रयोगशाळेची माणसं येईपर्यंत थांबून चालत नाही. वारा थांबत नाही. ठसा त्यालाच उचलावा लागतो, तोही झुंजुरक्या उजेडात किंवा बॅटरीच्या झोतात.

आणखी एक अडचण असते. अलास्कात लष्करी बनावटीचे फुगीर बनी बूट सर्रास वापरतात, त्यामुळे तळव्याची नक्षी जुळली म्हणून माणूस सापडत नाही. टाचेच्या कडेला खिळ्यानं पडलेली चीर, बोटांखाली झिजून सपाट झालेली एखादी पट्टी, नक्षीच्या खाचेत रुतलेला खडा, अशा खुणांवरच पुढची ओळख उभी राहते. या खुणा मिलिमीटरच्या मापाच्या असतात. म्हणून फवाऱ्याची परीक्षा एकाच प्रश्नावर व्हायला हवी: टाचेवरची ती चीर शेवटपर्यंत टिकते का?

बर्फातला ठसा अनेकदा बिघडतो तो त्याचा साचा घ्यायला ओतलेल्या प्लास्टरमुळेच. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या साच्यात प्लास्टर ओतताना ज्यानं हात लावलाय त्याला हे सांगायला नको: प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ठसे उचलायला वापरतात ते डेंटल स्टोनही त्याच जातीचं जिप्सम, फक्त जास्त टणक. मातीत ही उष्णता सोसते. बर्फात ती ठशाचा तळच वितळवते. मेणाची साय या दोघांमध्ये येते, हे तिचं पहिलं काम. दुसरं काम रंगाचं. पांढऱ्यावर पांढरी नक्षी कॅमेऱ्याला दिसत नाही, लाल मेण ती उठवून दाखवतं. दोन्ही कामं हा डबा चोख करतो. पण मेण म्हणजे साचा नव्हे. जाड थर दिला की नुसतं मेणच उचलून नेता येईल, असं समजून डबा रिकामा करणारे असतात. त्यांच्या हातात वाकडीतिकडी पापडी येते आणि चीर बुजलेली असते.

फवारण्याआधी फोटो. कॅमेरा तिवईवर, भिंग ठशाच्या बरोबर वर काटकोनात. मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवावी. ती वरच्या बर्फावर ठेवली तर मापात फरक पडतो, त्यासाठी कडेला बर्फ खोदून जागा करावी लागते. प्रकाश जमिनीलगत, तिरका, निदान तीन दिशांनी आळीपाळीनं. पहिला पातळ थर बसला की हेच सगळे फोटो पुन्हा काढावेत. बरेचदा सगळ्यात स्पष्ट पुरावा हा दुसऱ्या फेरीचा फोटोच ठरतो. पुढे साचा फुटला तरी तो हातात राहतो.

डबा कोटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवलेला असावा. गारठलेल्या डब्यात दाब उतरतो, मग तुषाराऐवजी थेंब पडतात आणि प्रत्येक थेंब ठशात खड्डा पाडतो. हीटरवर मात्र कधीही ठेवू नये. आधी बाजूच्या बर्फावर एकदा दाबून तोंड मोकळं करावं. मग दोन-तीन फुटांवरून, तिरकं धरून, हलका फवारा. जवळून सरळ मारला की त्या वाऱ्यानंच ठशाचे कंगोरे उडतात. मिनिट-दोन मिनिटं थांबावं, दिशा बदलावी, पुन्हा हलका थर. तीन-चार थरांत तळ सगळीकडे सारखा लाल दिसला की बस्स. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. ऊन असेल तर सावली धरावी, कारण लाल मेण पांढऱ्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त ऊन शोषतं आणि खालचा बर्फ सुटतो. ध्रुवीय रात्रीत ही काळजी नसते. मार्चमध्ये असते.

आता डेंटल स्टोन. झिपच्या पिशवीत सुमारे ९०० ग्रॅम पूड, त्यात ३०० ते ३५० मिलिलिटर पाणी. पाण्यात बर्फ विरघळवून ते शून्याच्या जवळ आणलेलं हवं. पिशवी बाहेरून तीन ते पाच मिनिटं मळायची, गुठळी राहू द्यायची नाही. दाटपणा धिरड्याच्या पिठाइतका. बनी बुटाच्या खोल ठशाला एक पिशवी पुरत नाही, दोन तयार ठेवाव्या. ठशावर थेट ओतायचं नाही. कडेला ओतून आत वाहू द्यावं, नाहीतर मध्ये चमचा धरून धार मोडावी.

इथेच सगळ्यात फसवी चूक होते. कडाक्याच्या थंडीत मिश्रणातलं पाणी प्लास्टर धरण्याआधीच गोठतं. साचा दगडासारखा टणक लागतो, उचलताना नीट येतो, पोलीस ठाण्याच्या उबेत ठेवला की चिखल होतो. तोवर मूळ ठसाही गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे मिश्रणात थोडं पोटॅशियम सल्फेट, त्यानं प्लास्टर लवकर धरतं. वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालावं म्हणजे त्याची स्वतःची ऊब टिकते, आणि तास-दीड तास तरी थांबावं. उचलताना वरून ओढू नये, चारी बाजूंनी खोदून खालून हात घालावा. लाल साय साच्याला चिकटून येते. ती सोलायची नाही, ब्रशनं घासायची नाही. नक्षी तिच्याच पृष्ठावर आहे. साचा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कागदात किंवा पुठ्ठ्यात, मेणाचं तोंड वर करून, हीटरपासून लांब ४८ तास सुकू द्यावा.

डब्याची मर्यादा बर्फाच्या जातीवर ठरते. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ नक्षी उत्तम धरतो आणि त्यावर मेण सुरेख बसतं. उणे ३० चा साखरेसारखा कोरडा भुगा मुळात नक्षीच धरत नाही, तिथे मेणाकडून चमत्काराची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. वाऱ्यानं भोवतालचा मऊ बर्फ खरवडून नेला तर दाबला गेलेला ठसा उंचवट्यासारखा वर राहतो. त्याला आधी बर्फाचाच बांध घालावा लागतो, फवारा नंतर.

पर्यायांचं बोलायचं तर गाड्यांचा राखाडी प्रायमर स्वस्त आणि कुठेही मिळणारा, फोटोपुरता चांगला, पण त्याची साय मेणाइतकी आधार देत नाही. थंडीसाठीच बनवलेलं प्लास्टर मेणाविना ओतता येतं. तेही पेटीत असावं. वितळलेलं गंधक बर्फाला टेकताच गोठतं आणि बारीक खुणा अप्रतिम पकडतं. मात्र ते ११५ अंशांच्या आसपास वितळतं, १६० च्या जवळ घट्ट होऊन ओतता येत नाही, पेटलं तर सल्फर डायऑक्साइडचा धूर घशात जातो, आणि साचा ठिसूळ. ज्यानं आधी सराव केलाय त्यानंच ते हाती घ्यावं.

हा डबा घ्यावा का? बर्फाळ भागातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यानं जरूर घ्यावा. पण खून झाल्यावर मागवू म्हणून चालणार नाही. ज्वलनशील एरोसोल प्रवाशांच्या सामानातून विमानात नेता येत नाही, त्यामुळे तपास अधिकारी येताना तो खिशात घालून आणू शकत नाही. हिवाळा लागण्याआधी पेटीत दोन डबे, तीन-चार पिशव्या मोजून भरलेलं डेंटल स्टोन आणि पोटॅशियम सल्फेटची पुडी. पहिल्याच बर्फात स्वतःच्या बुटाचा ठसा उचलून पाहावा, आणि टाचेवरची चीर साच्यात दिसते का ते भिंगाखाली तपासावं.