कळलावी कुंडीत: फूल झकास, पण कुंडी सात महिने रिकामी

कळलावी कशी दिसते हे पावसाळ्यात सह्याद्री पालथा घालणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो: पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ही डोंगरातली वेल परवडते का? यंदा विक्रेत्याशी वाजलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला कंद ऑनलाइन मागवला होता, तो उत्तम निघाला. म्हणून त्याच ठिकाणी दुसरा मागवला, तर आला तो मोडका. हा कंद दुशिंगी असतो आणि कोंब फक्त शिंगाच्या टोकाला फुटतो. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. माझ्या तुकड्याचं एक शिंग बुडातच तुटलेलं, दुसऱ्याचं टोक खरचटून गेलेलं. फोटो पाठवले तर उत्तर काय, ‘सर, थोडं पाणी वाढवा, येईल.’ अहो, डोळाच नाही तर येणार कुठून? पाणी वाढवून फक्त कुजला. पैसे परत नाहीतच, कारण ‘जिवंत रोपांना रिटर्न नाही’. तेव्हा पार्सल उघडल्या उघडल्या टोक बघा. ते शाबूत नसेल तर कंद कितीही जाडजूड असो, किंमत शून्य. आणि विकत नको म्हणून डोंगरातून उकरूनही आणू नका. खडकाळ जमिनीतून तो मोडूनच निघतो आणि तिथली वेलही जाते.

आता खरी तक्रार. वेल जूनमध्ये वर येते, जुलै-ऑगस्टमध्ये फुलते, ऑक्टोबर सरता सरता पिवळी पडून आडवी होते. पुढचे सात महिने कुंडीत नुसती माती. कंद महाग नव्हता हो, कुंडी महाग होती! चांगली खोल, बारा इंची. बरं, मधल्या काळात त्यात मेथी-कोथिंबीर घ्यावी म्हटलं तर तेही नाही, कारण झोपलेल्या कंदाला पाणी लागलं की तो सडतो. आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही आणि ही बाई पगारी रजेवर. पहिल्या हिवाळ्यात तर मी कुंडी रिकामी करायलाच निघालो होतो.

मे महिन्यात गावाला गेलो तेव्हा मत थोडं बदललं. परत आलो तर मोगरा माना टाकून उभा, तुळस वाळलेली, शेजाऱ्यांना किल्ली देऊनही. कळलावीच्या कुंडीला कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं. पहिल्या सरी पडल्यावर कोंब हजर. खत म्हणाल तर मूठभर शेणखत, माती मात्र वाळू मिसळून भुसभुशीत हवी. खर्चाच्या हिशेबात हे जमेच्या बाजूला धरलंच पाहिजे. तरी कुंडीचं दुःख आहेच.

फुलाबद्दल मात्र तक्रार नाही. कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी. आधी हिरवट पिवळ्या, मग दिवसागणिक लाल चढत जातो, त्यामुळे एकाच वेलीवर प्रत्येक फूल वेगळ्या रंगाचं दिसतं. जवळून बघा: मधली स्त्रीकेसराची काडी सरळ खाली न येता बुडापासूनच काटकोनात बाजूला वळलेली असते. पानांची टोकं लांबून वळतात आणि हाताशी येईल ते पकडतात. ग्रिल झालं, कपड्यांची दोरी झाली, एकदा वाळत घातलेला टॉवेल. सोडवताना जपून, खोड ठिसूळ आहे.

सप्टेंबरात अळ्या येतात. काळ्या, अंगावर लाल-पांढरे ठिपके, झुंडीने. पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची ही पिल्लं, कळलावीचं विष पचवून बसलेली. आजची हिरवीगार वेल दोन-तीन दिवसांत नुसत्या काड्या. औषध विकत आणायची गरज नाही; हातमोजे घालून वेचायच्या.

हातमोजे एरवीही घालाच. अख्खी वेल विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त, आणि तो रताळ्यासारखा दिसतो. स्वयंपाकघराच्या आसपास कंद ठेवू नका. रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं घरात असेल तर हा नाद सोडा. तमिळनाडूचं हे राज्यफूल. तिथे शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात, कारण त्यातलं कोल्चिसीन गाऊटच्या औषधात जातं. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा आक्षेप वेगळाच: ही घरात लावली की भांडणं होतात. आतापर्यंत भांडण झालं ते फक्त विक्रेत्याशी.

बियांपासून लावायचा विचार असेल तर फुलाला दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणजे तेवढे हिवाळे कुंडी अडकली. त्यापेक्षा कंद बरा. माझ्या कंदाने यंदा मातीखाली नवे दुशिंगी कंद धरलेत, ते ओळखीच्यांना फुकट देणार आहे. कुंडी ज्याची त्याने आणायची.