पुण्यातली ‘स्वच्छ’ची कचरा सेवा, फी द्यावी का? नक्की द्यावी

पुण्यात नवीन राहायला आलेले बरेच जण विचारतात की टॅक्स भरतो मग कचरावाल्या ताईंना वेगळे पैसे कशाला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे स्वच्छ ही ठेकेदार कंपनी नाहीये, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन झाली, त्यातूनच पुढे संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये घरोघरी कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार झाला. त्यांना पालिकेचा पगार नसतो. आपण देतो ती महिन्याची फी आणि भंगार विकून येतील ते पैसे, यावरच घर चालतं.

आणि हे भंगारच खरं महत्त्वाचं आहे! आमच्याकडच्या ताई गेटपाशी ढकलगाडी लावतात, ओला कचरा बकेटमध्ये ओततात आणि सुका तिथेच हाताने निवडतात, पुठ्ठा एका पोत्यात, दुधाच्या पिशव्या दुसऱ्यात, बाटल्या वेगळ्या. विकलं जाईल असं काहीच त्या सोडत नाहीत, म्हणजे तेवढा माल ट्रकमध्ये चढतच नाही, डिझेल वाचतं आणि शेवटी टाकून द्यावा लागणारा कचराही तेवढा कमी होतो. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी आपल्या कचऱ्याचा वास वर्षानुवर्षं सहन केलाय, आंदोलनं केलीत, ते आपण शहरातले लोक फार पटकन विसरतो.

आता आपल्याकडून काय लागतं, तर दुधाची पिशवी विसळून द्या, खरकट्यात बुडालेला कागद कोणी विकत घेत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, नाहीतर निवडताना ते त्यांच्या हाताला लागतं, विचार करूनच अंगावर काटा येतो. गादी, जुने कपडे, बिघडलेला मिक्सर असलं काही रोजच्या गाडीवर लादू नका, त्याचं त्यांचं वेगळं कलेक्शन असतं.

हातमोजे, बूट आणि धड चाकांच्या गाड्या मात्र त्यांना वेळच्या वेळी मिळायलाच हव्यात, पावसाळ्यात ओल्या कचऱ्याचं वजन किती होतं ते एकदा ती गाडी ढकलून बघा.

माझ्याकडून ५ पैकी ५. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘यांना काढून कंपनीची मोठी गाडी लावू’ असा विषय निघालाच तर आधी एवढंच विचारा की त्या गाडीतला सुका कचरा कोण निवडणार आणि कुठे.