मुंबई–दिल्ली: इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस की थेट एअर इंडिया?

समजा, सकाळच्या मुंबई–दिल्ली विमानासाठी इंडिगो ५,२०० रुपये आणि एअर इंडिया ६,००० रुपये दाखवतंय. (आकडे उदाहरणापुरते, पण हिशेबाची रीत हीच.) खिडकीची जागा निवडायला दोन्हीकडे सर्वांत स्वस्त भाड्यात पैसे पडतात, ते ३५० धरू. एअर इंडियात नाश्ता तिकिटातच येतो. इंडिगोत सँडविच आणि चहा-कॉफी घेतली की चारशेच्या आसपास जातात. म्हणजे ५,९५० विरुद्ध ६,३५०. आठशेचा फरक चारशेवर आला. घरून दशम्या बांधून नेणार असाल तर मात्र आठशे पूर्ण वाचतात. आणि शेवटच्या पानावर वाढणारी कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगचं शुल्क, माणशी लागते, चौघांच्या तिकिटात ती चौपट होते. तुलना करायची ती पैसे भरण्याच्या पानावरच्या आकड्याची.

सामानाच्या बाबतीत जुनी समजूत सोडून द्या. एअर इंडियात जास्त सामान चालतं असं अजूनही सांगितलं जातं, पण २०२४ पासून तिथेही देशांतर्गत स्वस्त भाड्यांत चेक-इन सामान १५ किलोच आहे, बाकीच्यांइतकंच. एअर इंडिया एक्सप्रेसचं ‘लाइट’ भाडं तर चेक-इन सामानाशिवायच असतं. एका दिवसाच्या कामाला जाणाऱ्याला ते फायद्याचं, पण लग्नाला निघालेल्या कुटुंबाने चुकून तेच निवडलं तर काउंटरवर किलोमागे भरलेल्या पैशांत दुसरं तिकीट येईल. जादा वजन लागणार हे माहीत असेल तर आधी ऑनलाइन घ्या, विमानतळावर तेच महाग पडतं. हातातल्या बॅगेचं वजन सगळीकडे एकच, ७ किलो. लांबी-रुंदीची मापं मात्र कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. वजनाचा काटा घरी नसेल तर बॅग हातात धरून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत हवी, चेक-इन सामानात सापडली तर बॅग अडकते. सुकं खोबरं दोन्हीकडे चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मालात मोडतं. कोकणातून परतणाऱ्यांची इथे हमखास गोची होते.

कंपनीपेक्षा विमान बघा

बुकिंगच्या पानावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो आणि बहुतेक लोक तो वाचत नाहीत. इंडिगो आणि एअर इंडियाचं या मार्गावरचं नेहमीचं विमान म्हणजे एअरबस ए३२० किंवा ए३२१. अकासाकडे फक्त बोइंग ७३७ मॅक्स. एअर इंडिया एक्सप्रेसकडे बहुतांशी बोइंग ७३७, पण एअरबसही आहेत. दोन्हींत रांगेला ३-३ अशा सहा खुर्च्या, पण एअरबसचं धूड रुंदीला जास्त आहे. त्यामुळे तिथली खुर्ची साधारण १८ इंच आणि बोइंगची १७ इंच. अंगाने भरदार माणसाला, किंवा मधल्या जागेवर बसावं लागणार असेल त्याला, हा एक इंच दोन तास जाणवतो. उलट अकासाच्या बऱ्याच विमानांत खुर्चीला यूएसबी चार्जिंग मिळतं, तसं ते इंडिगोत सहसा नसतं.

आता पायांचं. इंडिगो ए३२० निओमध्ये (ए३२० चीच नवी आवृत्ती) १८० किंवा १८६ खुर्च्या बसवते, एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए३२० निओमध्ये १६४ असतात: ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, १३२ इकॉनॉमी. वाचून वाटेल की एअर इंडियात ऐसपैस जागा असेल. पण मोकळी झालेली जागा मुख्यतः पुढच्या दोन वर्गांच्या वाट्याला जाते. मागच्या इकॉनॉमीत गुडघ्यांना म्हणावा तसा फरक पडत नाही. खुर्ची मागे किती जाते, हा फरक जास्त खरा: इंडिगोच्या पुष्कळ विमानांतल्या खुर्च्या मागे जातच नाहीत. पहाटेच्या विमानात झोपायचं असेल तर याचा विचार करा. पुढचा माणूस तुमच्या मांडीवर येणार नाही, हे मात्र लॅपटॉप उघडणाऱ्याला बरंच.

इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई–दिल्लीवर ‘स्ट्रेच’ सुरू केलं: पुढे २-२ अशा १२ रुंद खुर्च्या, दोन रांगांमध्ये ३८ इंच अंतर. एअर इंडियाची प्रीमियम इकॉनॉमी या विमानांत ३-३ च आहे, म्हणजे मधली जागा तिथेही आहेच. कंबर किंवा गुडघ्याचं खरंच दुखणं असेल तर स्ट्रेच पटतं. नुसत्या आरामासाठी, सव्वादोन तासांकरिता, साध्या तिकिटाच्या दोन-तीन पट मोजणं आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा पाय पसरायला जादा मोकळीक असलेली साधी जागा घ्या.

कोणती जागा

जादा पाय पसरायला मिळणाऱ्या जागा दोन प्रकारच्या. पहिली रांग: समोर भिंत, पुढे कोणी नाही, उतरायला पहिला नंबर. पण खुर्चीखाली बॅग ठेवता येत नाही आणि जेवणाची फळी हाताच्या दांड्यात लपवलेली असल्याने खुर्ची थोडी अरुंद लागते. जाड माणसाने ही रांग टाळावी. दुसरी, आपत्कालीन दारांची रांग: इथे पाय खरोखर लांब करता येतात. मात्र लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्यांना दार उघडणं जमणार नाही अशांना तिथे बसवत नाहीत. पंखावरच्या दारांच्या दोन लागोपाठ रांगा असतील तर पुढच्या रांगेच्या खुर्च्या मागे जात नाहीत, कारण मागच्या दाराची वाट अडते. पैसे देणारच असाल तर मागची रांग घ्या.

बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला दहाव्या रांगेच्या आसपास एका जागी खिडकीच नसते, तिथून वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते. ‘खिडकी’ म्हणून पैसे भरून भिंतीकडे बघत बसण्याची वेळ येते. जागांचा नकाशा बघून मगच निवडा. शेवटची रांग फुकट मिळाली तरी विचार करा: खुर्ची मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग कानाशी उभी राहते. हवेतल्या खड्ड्यांचा त्रास होत असेल तर पंखांवरची जागा सगळ्यात स्थिर.

उन्हाचंही बघा. सकाळी उत्तरेकडे दिल्लीला जाताना सूर्य उजव्या हाताला, संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना तोही उजव्याच हाताला. जाता-येता सावलीत बसायचं तर दोन्हीवेळा ‘ए’ म्हणजे डाव्या बाजूची खिडकी.

मुलांसोबत असाल तर जागेसाठी घाबरून पैसे भरू नका. एकाच पीएनआरवरच्या १२ वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ बसवावं, असं डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. विमानतळावर बोर्डिंग पास छापून द्यायला पैसे मागू नयेत, हेही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

उशीर झाला तर

इथे स्वस्त आणि महाग हा फरक उरत नाही, ताफ्याचा फरक उरतो. इंडिगोकडे चारशेहून जास्त विमानं आणि मुंबई–दिल्लीवर दिवसभर फेऱ्या. एक रद्द झालं तर पुढच्यात जागा मिळण्याची शक्यता मोठी. अकासाचा ताफा त्यापुढे अगदी छोटा, दिवसाच्या फेऱ्या मोजक्या. तिथे सकाळचं विमान रद्द झालं तर संध्याकाळच दिसते. स्पाइसजेटचा ताफा गेल्या काही वर्षांत आटला आहे. भाडं कितीही खाली असलं तरी लग्नमुहूर्त किंवा परीक्षा असेल तिथे तो पर्याय नको. पण मोठेपणाचीही दुसरी बाजू आहे: डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनी इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, तेव्हा हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि बाकी सगळ्या कंपन्या मिळूनही त्या गर्दीला पुरल्या नाहीत.

हक्क सर्वांना सारखे. मुंबई–दिल्लीइतक्या लांबीच्या फेरीला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची. सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. काउंटरवर मागितल्याशिवाय फारसं कोणी पुढे येत नाही, तेव्हा मागा. उशिराची साखळी दिवसभर वाढत जाते. पहाटेचं विमान बहुधा रात्रीच तिथे उभं असतं, म्हणून ते वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त.

छोट्या गावांचं वेगळं

कोल्हापूर, नाशिककडे जाताना बहुधा एटीआर किंवा एम्ब्रेअर हे छोटं विमान मिळतं. दोन्हींत एका बाजूला जास्तीत जास्त दोन खुर्च्या, म्हणजे मधली जागाच नाही. एटीआर पंख्याचं विमान: पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला असल्याने मागे बसलेलं शांत, आणि चढ-उतार मागच्याच दारातून. वरचे कप्पे छोटे, त्यामुळे चाकांची बॅग दारातच काढून घेतली जाते. औषधं आणि चष्मा आधीच काढून ठेवा.

शेवटी विमानतळाचा तीन अक्षरी कोड तपासा. ‘मुंबई’ शोधलं की जुना विमानतळ बीओएम आणि २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा एनएमआय एकत्र दिसतात. पनवेलकरांना दुसरा सोयीचा, बोरिवलीकराला त्याच तिकिटात वाचलेले पाचशे टॅक्सीत जातील. गोव्यात जीओएक्स म्हणजे मोपा, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जवळचं. जीओआय म्हणजे दाबोळी, मडगाव-वास्कोकडचं. आणि दिल्लीहून पुढे परदेशी जाणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं काढताना एवढं लक्षात ठेवा: पहिल्याच्या उशिराने दुसरं चुकलं तर दोघांपैकी कोणीही जबाबदार नाही. एकाच पीएनआरवर तिकीट महाग दिसलं तरी तिथे ते घ्या. नसेल परवडत तर आदल्या संध्याकाळी दिल्ली गाठा.