अठरा तलंगा म्हणून घेतल्या, त्यातले बारा कोंबडे निघाले

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गावात एक टेम्पोवाला कडकनाथ कोंबड्या विकायला आला. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. घरचं आल्याचं पीक आहे, पण त्याचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. म्हणून अंड्यांचा जोडधंदा करायचा ठरवून मी बचत गटातून कर्ज उचललं होतं. त्याच्याकडून अठरा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या ४५० रुपयांप्रमाणे आणि दोन कोंबडे ५०० प्रमाणे. ९,१०० रुपये रोख मोजले. "चार महिन्यांच्या आहेत ताई, अजून दोन महिन्यांत अंड्यावर येतील," असं तो म्हणाला.

दोन महिने झाले आणि त्या अठरांपैकी बारा आरवायला लागले.

मी फसले कशी, ते नीट सांगते. असाच माल विकणारे आणखी असतील. त्याने टेम्पोच्या पुढच्या पिंजऱ्यात दोन मोठे कोंबडे ठेवले होते. जाड मान, मोठा तुरा, लांब शेपटी. मागच्या पिंजऱ्यात बाकीचे सगळे. त्या दोघांशेजारी मागचे सगळे तलंगाच वाटत होते, बारीक तुऱ्याच्या, आखूड शेपटीच्या. खरी गोष्ट वेगळी होती. ते दोन कोंबडे पुरते वयात आलेले होते आणि मागची पिल्लं जेमतेम अडीच महिन्यांची. अडीच महिन्यांचा नर आणि चार महिन्यांची मादी तुऱ्याने, वजनाने पुष्कळ सारखी दिसतात. खोटं बोलला तो वयाबद्दल, आणि त्या एका खोट्यात बाकी सगळं झाकून गेलं.

त्यात कडकनाथ. गावरान पिल्लात नराचा तुरा लाल होऊ लागला की लगेच डोळ्यात भरतो. कडकनाथचा तुरा, कातडी, चोच, पाय सगळंच काळपट, त्यामुळे ती लाली उठून दिसत नाही. सोनेरी किंवा पट्टेदार कडकनाथमध्ये मानेच्या रंगावरून थोडाफार अंदाज येतो. माझे पक्षी नखशिखान्त काळे होते. शिवाय ही जात सावकाश वाढते. मादी अंड्यावर यायला साधारण सहा महिने लागतात. महिन्याभराने मी फोन केला तेव्हा त्याने हेच पुढे केलं: "कडकनाथला वेळ लागतो, थांबा जरा." पुढे फोन उचलणंच बंद झालं.

आमच्या आत्याबाई तेव्हा लेकीकडे वाईला गेल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं गावरान कोंबड्या पाळल्यात. परत आल्यावर त्यांनी खुराड्यातून एक पक्षी उचलला, पाठमोरा धरला, शेपटीच्या बुडाची पिसं बोटाने उकलली आणि म्हणाल्या, "अगं, ही तलंग न्हाई, कोंबडा हाय. कंबर बघ की हिची."

तेव्हापासून मी हीच जागा बघते. कंबरेवरून शेपटीच्या दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं नराची अरुंद, टोकदार आणि चकचकीत असतात, खाली लोंबतात. मादीची रुंद आणि गोल टोकाची. मानेवरही तसंच. सावकाश वाढणाऱ्या जातींत ही पिसं तीन-चार महिन्यांच्या पुढेच नीट ओळखू येतात, त्याआधी छातीठोक सांगता येत नाही. अडीच महिन्यांच्या कडकनाथला बघून "ही मादीच" अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पायाच्या मागच्या काट्यावरही जाऊ नका, तो कोंबडीलाही येतो. टोकदार अंड्यातून नर निघतो, पिल्लू उलटं धरलं की कळतं, या गोष्टी मीही ऐकत आले, त्यात काही तथ्य नाही.

विकणारा "आता अंड्यावर येईल" म्हणत असेल तर पक्षी हातात घ्या. बुडाखाली दोन टोकदार हाडं लागतात. अंडी घालायला आलेल्या तलंगेत त्या हाडांमध्ये दोन बोटं मावतात. दिवसाढवळ्या, उन्हात, एकेक पक्षी उचलून बघा. मी संध्याकाळी टेम्पोच्या उजेडात घेतले. आणि तुलना करायची ती एकाच दिवशी फुटलेल्या पिल्लांशी, शेजारी उभ्या केलेल्या मोठ्या कोंबड्यांशी नव्हे.

आणखी एक विचारा. अंड्यातून निघतात तेव्हा नर-माद्या साधारण निम्म्या-निम्म्या असतात. मग हा माणूस सगळ्या माद्याच विकतोय, तर याचे नर गेले कुठे? माझ्या बाबतीत ते माझ्याच पिंजऱ्यात आले होते. शेजारच्या गावातल्या एका बाईंनी त्याच्याकडूनच वीस तलंगा घेतल्या, त्यातले पंधरा कोंबडे निघाले. चुकून असं दोनदा होत नाही.

२०१९ साली इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण गाजलं, कडकनाथ पालनाच्या नावाखाली एका कंपनीने शेतकऱ्यांचे पैसे बुडवले ते, तेव्हा आमच्या भागातली माणसंही त्यात होरपळली होती. तेव्हा वाटायचं, एवढी मोठी रक्कम गुंतवल्यामुळे ते फसले, आपण थोडक्यात घेतलं तर काय बिघडतं? माझं नुकसान त्यांच्यापुढे लहान आहे, पण गटाचा हप्ता लहान नव्हता. बारा कोंबडे रोज सव्वा किलोच्या आसपास खाणार, म्हणजे अडीच महिन्यांत ९० किलोच्या वर खाद्य, आणि अंडं एकाचंही नाही. दिवसभर मारामाऱ्या. सहाच माद्या, त्यांच्या पाठीची पिसं पार उडाली. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो आणि माझ्याकडे चौदा झाले होते. शेवटी ते बारा ३५० रुपयांनी विकले, कारण इकडे कडकनाथच्या मटणाला रोजचं गिऱ्हाईक नाही.

आता कुणी पक्षी विकायला आला तर मी फुटल्याची तारीख कागदावर सहीने मागते आणि निम्मे पैसे पहिलं अंडं येईपर्यंत हातात ठेवते. दोघांनी त्यावर नकार दिला. त्यांच्याकडून घेतलं नाही.

मागच्या आठवड्यात तोच टेम्पो खटावकडे दिसल्याचं आमच्या भावजींनी सांगितलं. पुढच्या पिंजऱ्यात दोन मोठे कोंबडे होते.